फोटोतलं गॅस्केट आमच्या गाडीचं नव्हतं

आमची सात सीटची व्हॅन जुनी आहे, १,८०,००० किलोमीटर झालेली. मुलं, सासू-सासरे, सामान, सगळं तिच्यातच मावतं. त्यामुळे ती बंद पडेल असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. गॅरेजवाल्याने ही भीती पहिल्या पाच मिनिटांत ओळखली.

तक्रार एवढीच होती: गर्दीत उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढायचा, मोकळ्या रस्त्याला लागली की आपोआप खाली यायचा. हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण उघडलं, आत जमलेला पांढरट चिकटा बोटावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. "ताई, ऑइलमध्ये पाणी उतरलंय. हेड गॅस्केट गेलं. अशीच चालवलीत तर इंजिन जाम होईल, मग मला बोलू नका."

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामध्ये बसवलेली सीलपट्टी. मी हो म्हणाले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासला का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आठ दिवस गाडी त्याच्याकडे होती. मध्ये फोनवर एका जळक्या, काळ्या गॅस्केटचा फोटो आला, खाली लिहिलेलं: "बघा, किती वाईट अवस्था." गाडी मिळाली तेव्हा बिलावर फक्त "इंजिन काम" आणि खाली रक्कम. ती रक्कम आम्ही मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरली.

पुढचे तीन आठवडे बहुतेक लांबचे प्रवास झाले, काटा शांत राहिला. मग एका संध्याकाळी वाहनांच्या रांगेत अडकलो आणि बॉनेटखालून वाफ आली. मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं बसलेली होती.

दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी इंजिन थंड होईपर्यंत कशाला हात लावला नाही. नंतर ऑइल तपासायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ऑइल स्वच्छ. पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं. झाकणाखालचा चिकटा? जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं गरम होत नाही, आतली वाफ झाकणाला थंड होऊन चिकटते, तो हा चिकटा. कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून, बुडबुडे नाहीत, धुराड्यातून पांढरा धूर नाही. रेडिएटरच्या तोंडाशी एक निळा द्रव धरून त्यांनी तपासलं. सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर हा निळा द्रव पिवळा होतो. निळाच राहिला.

मग त्यांनी इंजिन चालू करून एसी लावला. रेडिएटरचा पंखा फिरायला हवा होता, फिरला नाही. बॅटरीवरून थेट वायर जोडली तेव्हा लगेच फिरला. म्हणजे पंखा ठीक होता; दोष निघाला त्याच्या रिलेत, म्हणजे पंख्याला वीज पोचवणाऱ्या स्विचमध्ये. गाडी पळताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करायचा, उभी राहिली की वारा बंद आणि पंखाही बंद. मी पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं ते नेमकं हेच.

गॅस्केट बदलायला हेड उतरवलं होतं का, असं मी विचारल्यावर त्यांनी टॉर्च मारली. व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, कडेला तेल आणि धुळीचा जुना थर तसाच, न फुटलेला. बोल्टच्या खाचांत माती भरलेली. कव्हर काढल्याशिवाय हेड उतरत नाही. इंजिन उघडलेलंच नव्हतं.

मी तो फोटो दाखवला. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "ताई, या इंजिनाला सिलिंडर किती?" चार. गॅस्केटला दर सिलिंडरमागे एक मोठा गोल असतो. फोटोतल्या गॅस्केटला तीन गोल होते.

पैसे गेले त्यापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा संताप आहे. दुरुस्ती झाली या भरवशावर मी बंद पंख्याची गाडी चालवत राहिले. हेड बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकू शकतं. त्याने खोटं सांगितलेलं दुखणं त्याच्याच खोटेपणामुळे खरं झालं असतं.

मी परत गेले तेव्हा तो म्हणाला, पोराने चुकून दुसऱ्या गाडीचा फोटो पाठवला. मग आमच्या गाडीचं जुनं गॅस्केट दाखवा म्हटलं, तर भंगारात गेलं. बिलावर ना गॅस्केट लिहिलेलं, ना हेडचं फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, त्यामुळे पुढे बोलायला माझ्या हातात काही उरलं नाही. काम सुरू होण्याआधीच "काढलेला प्रत्येक भाग मला परत हवा" एवढं मी बोलले असते तर त्याला चार गोलांचं गॅस्केट आणावं लागलं असतं. तो फोटो मी पुसलेला नाही. त्या गॅरेजला गाडी लावायची म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला तो दाखवते आणि गोल मोजायला सांगते.