हतनूरच्या काठची पायवाट : पाचपैकी साडेतीन तारे

आमच्या पालिकेत गावाबाहेरच्या दलदलीतून निसर्गवाट काढायची की नाही, यावर दोन सभा झाल्या. म्हटलं, आधी चिखलातून चालून तर पाहू. जानेवारीत पहाटे भुसावळहून हतनूर धरणाचा फुगवटा गाठला. तापी-पूर्णेचा संगम वर चांगदेवला, त्याखाली हा सगळा पसारा.

वाट म्हणजे गुरांनी पाडलेली. एका बाजूला केळीच्या बागा, दुसरीकडे पाणकणीस आणि बेशरमीचं रान. पण चक्रवाकांची जोडी पन्नास पावलांवर! भगवा रंग असा, की दुर्बीण लागलीच नाही. पट्टकदंब हंस मात्र लांबच राहिले. आमचा मित्र मोबाईलवर मोठ्यानं बोलत होता, दुसरं काय.

अर्धा तारा चपलेसाठी कापला, ती गाळात राहिली. एक तारा बाटल्या आणि पत्रावळींसाठी. बसायला जागा नाही, पण त्याचा तारा मी कापत नाही.

आमच्या पालिकेच्या वाटेच्या नकाशात मात्र पेव्हर ब्लॉक आणि दिवे आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांत पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, हे कुणीतरी सभेत वाचून दाखवा हो. लाकडी फळ्यांची उंच वाट करा, रात्री बंद ठेवा, मी पहिला येईन.

जाताना गमबूट घ्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरूनच न्या.