लॅपटॉपची स्क्रीन वॉरंटीत बिघडली: सर्व्हिस सेंटर, घरी येणारा इंजिनिअर की जवळचं दुकान?

लॅपटॉप घेऊन वर्ष पण झालेलं नसतं आणि एक दिवस स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ येते, नाहीतर झाकण जरा मागेपुढे केलं की डिस्प्ले जातो-येतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो वॉरंटी आहे ना, कंपनीत टाक. दुसरा म्हणतो कुठे पंधरा पंधरा दिवस वाट बघतोस, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, तासाभरात पॅनेल बदलून देतात. माझं मत आधीच सांगते, काचेला तडा नसेल आणि वॉरंटीचे दिवस शिल्लक असतील तर बाहेरच्या माणसाला स्क्रू सुद्धा उघडू देऊ नका, कितीही घाई असली तरी. वर्षभर पैसे साठवून किंवा ईएमआयवर घेतलेली वस्तू असते ती, आणि तिच्या किमतीत वॉरंटीचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात.

पण कुठे जायचं हे ठरवण्याआधी घरीच दोन गोष्टी करून बघा. एक, स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाठवा. मोबाईलवर रेघ दिसत नसेल तर बिघाड बहुतेक पॅनेलमध्ये किंवा केबलमध्ये आहे. दुसरं म्हणजे एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा, टीव्हीवर सगळं नीट दिसतंय म्हणजे ग्राफिक्समध्ये, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागात, बहुतेक बिघाड नाही. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डी बटण दाबून धरून पॉवर ऑन केलं की स्क्रीन एकेक रंग भरून दाखवते, विंडोज सुरू व्हायच्या आधीच, तेव्हाही रेघ दिसली तर सॉफ्टवेअरचा प्रश्नच उरत नाही. हे सगळं मोबाईलवर शूट करून ठेवा, कारण पुढे फोनवर तुम्हाला ड्रायव्हर अपडेट करा, विंडोज रीसेट करा असं सांगतात आणि त्यात दिवस जातात.

आता पर्याय. घेऊन आठवडा पण झाला नसेल तर विकणाऱ्याकडून बदलून घेणं सगळ्यात चांगलं. ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपला बऱ्याचदा ७ दिवसांची मुदत असते, पण अनेकदा ते आधी कंपनीच्या इंजिनिअरचा रिपोर्ट मागतात, म्हणून सातव्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी तक्रार टाका. ज्यांच्या स्क्रीनवर एखाद-दुसरा ठिपका कायम पेटलेला किंवा काळा आहे त्यांनी तर हाच रस्ता धरावा. कारण फुल एचडी स्क्रीनवर असे २० लाखांवर ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात आणि आयएसओ ९२४१-३०७ या स्क्रीनच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या क्लास २ नुसार दर १० लाखांमागे २ कायम पेटलेले आणि २ कायम काळे चालतात. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते, काही जास्त कडक पण आहेत, तरी एका ठिपक्यासाठी वॉरंटीत पॅनेल बदलून मिळेल अशी आशा फार ठेवू नका.

त्यानंतर वॉरंटी ऑनसाइट (इंजिनिअर घरी येतो) की कॅरी-इन (लॅपटॉप आपण सेंटरला न्यायचा). आपली वॉरंटी कुठली हे बिलावर नाही तर कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकल्यावर नक्की कळतं, आणि तिथे तारीख बिलाच्या आधीची दिसत असेल तर जीएसटी बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्या, कधीकधी तेवढ्यावरच वॉरंटीत बसतं की नाही ते ठरतं. ऑनसाइट असेल तर विचारच करू नका, इंजिनिअर पार्ट घेऊन घरी येतो, तुमच्या डोळ्यांसमोर पॅनेल बदलतो, लॅपटॉप घराबाहेर जात नाही. उशीर होतो तो पार्ट यायला, पण तोपर्यंत टीव्ही जोडून काम चालू ठेवता येतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी तर याचं मोल फार आहे कारण सेंटर जिल्ह्याला, कधी थेट पुण्याला किंवा नागपूरला, म्हणजे एक दिवस टाकायला आणि एक दिवस आणायला. मुलाला हॉस्टेलवर लॅपटॉप घेऊन देणार असाल तर खरेदी करतानाच ऑनसाइट आहे का ते विचारा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

कॅरी-इनमध्ये लॅपटॉप तुमच्या हातातून जातो, तिथेच जपायचं. सगळ्यात मोठी भांडणं होतात ती ‘फिजिकल डॅमेज’ या दोन शब्दांवरून. कडेला बारीक चीर दिसली किंवा काच दबलेली दिसली की वॉरंटी नाही, आणि ती चीर आधीची की तिथे उघडताना आलेली हे नंतर कोण सिद्ध करणार? म्हणून काउंटरवरच, त्यांच्यासमोर, चारही कोपऱ्यांचे आणि बिजागरीचे फोटो काढा, जॉब शीटवर, म्हणजे लॅपटॉप जमा करताना भरतात त्या कागदावर, ‘तडा नाही’ असं लिहून घ्या आणि मगच सही करा. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी लॅपटॉप हातात येऊन चालू करून बघितल्याशिवाय देऊ नका. बॅकअप आधी घ्याच. पॅनेल बदलायला पासवर्ड लागत नाही, पण मदरबोर्ड बदलला तर विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी की मागू शकतं, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते घरूनच बघून निघा.

आणि जवळचं दुकान? ते लोक हुशार असतात, यात मला शंका नाही. साधं १५.६ इंची फुल एचडी पॅनेल साधारण चार ते सहा हजारात बसतं आणि नुसती केबल गेली असेल तर त्याहून बरंच कमी. वॉरंटी संपली असेल, किंवा स्क्रीन पडून फुटली असेल आणि अपघाती नुकसानीचा प्लॅन घेतलेला नसेल, तर मी पण तिकडेच जाईन, कारण कंपनीचं कोटेशन त्याच्या दुप्पट-तिप्पट येऊ शकतं. फक्त पॅनेलचा कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, पॅनेल आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारं) आहे का, मूळ स्क्रीनइतकाच रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) आहे का हे विचारा, नाहीतर टीएन नावाचं स्वस्तातलं पॅनेल बसवतात आणि बाजूने बघितलं की रंग पांढरट दिसतात. पण वॉरंटीत असताना तिथे उघडला आणि चार महिन्यांनी मदरबोर्ड गेला, तर चार-पाच हजार देऊन वाचवलेला वेळ दहापट महाग पडतो, कारण कंपनी आधी विचारते की हे उघडलं कोणी. ओएलईडी किंवा टच असेल तर दुकानातलं पॅनेल पण फार महाग जातं, मग तर कंपनीच.

कंपनी टाळाटाळ करत असेल तर फोनवर बोलून उपयोग नाही, सगळं ईमेलवर आणा आणि नकार दिला तर कारण लेखी मागा. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं. तेवढ्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार करायला मुदत २ वर्षांची. फोटो, जॉब शीट आणि ते ईमेल इथे कामाला येतात.