आमच्या पतसंस्थेचं फेसबुक पेज आणि व्हॉट्सअप नंबर, एका सभासदाचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार.

हा रिव्ह्यू व्याजदराचा नाही आणि लॉकरचा पण नाही, ते काउंटरवर विचारलं की पाच मिनिटात कळतं. मी लिहितोय ते यावल-रावेर पट्ट्यातल्या आमच्या नागरी सहकारी पतसंस्थेनं सुरू केलेल्या फेसबुक पेजबद्दल आणि व्हॉट्सअप नंबरबद्दल, कारण आपल्याकडच्या बहुतेक पतसंस्थांना अजून वाटतं की हे पोरासोरांचं काम आहे, आणि मला मनापासून वाटतं की पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करण्याइतकंच हे पण संस्थेचं रोजचं काम आहे.

का ते आधी सांगतो. बँकेत ठेव ठेवली तर 5 लाखांपर्यंत विमा असतो (आधी 1 लाख होता, 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 झाला), पण पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही, हे आपल्याकडे कितीतरी ठेवीदारांना आजही माहीत नसतं. म्हणजे माणूस केळीचे, कापसाचे पैसे नाहीतर रिटायरमेंटची रक्कम तिथे ठेवतो ती निव्वळ विश्वासावर, चेअरमन ओळखीचा, मॅनेजर गल्लीतला, एजंट रोज दुकानावर येणारा. आणि जळगाव जिल्ह्यात या विश्वासाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, किती पतसंस्था अडचणीत आल्या, लोकांचे पैसे वर्षानुवर्षं अडकून पडले, मोर्चे निघाले, मुलींची लग्नं पुढे ढकलावी लागली. त्यामुळे आमच्याकडे पतसंस्था म्हटलं की अजूनही लोकांच्या पोटात गोळा येतो. अशा ठिकाणी जी संस्था गप्प बसते तिच्याबद्दल लोक स्वतःच काहीतरी ठरवून टाकतात.

आमच्या संस्थेची परीक्षा झाली ती सोनेतारणाच्या लिलावाच्या जाहिरातीवरून. थकबाकीदारांच्या सोन्याचा लिलाव ही कुठल्याही संस्थेची नेहमीची गोष्ट आहे, पेपरात नोटीस येते, पण कोणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढला, खाली लिहिलं "संस्था सोनं विकून राहिली, ज्याचे त्याने पैसे काढून घ्या", आणि सोडून दिला ग्रुपवर. दुपारपर्यंत तो फोटो भुसावळ, फैजपूर, सावदा करत सुरतला कामाला गेलेल्या पोरांपर्यंत पोचला आणि तिकडून घरी फोन सुरू झाले, की काय व्हयनं, आपला पैसा बुडना का? काउंटरवर गर्दी.

तर मॅनेजर साहेबांनी काय केलं, तिथेच काउंटरवर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ केला. मागे गर्दी दिसतेय, कॅशियर नोटा मोजतोय, आणि हे सांगताहेत की लिलाव कोणत्या कर्जांचा आहे, तो दरवर्षी कसा होतो, ज्याच्या ठेवीची मुदत संपलीय त्याला आजच पैसे मिळतील, आणि मुदतीआधी ठेव मोडायची असेल तर मोडा पण व्याज कमी मिळेल हे लक्षात घ्या. "तुमच्या ठेवी शंभर टक्के सुरक्षित" असलं फलकावरचं वाक्य एकदाही नाही! मला तेच सगळ्यात जास्त भावलं. नंतर रात्री उशिरापर्यंत खालच्या एकेका कमेंटला उत्तर दिलं. एका आप्पांनी अहिराणीत विचारलेलं, "मनी पावतीनी मुदत आठ तारीखले संपस, पैसा भेटतीन का भो?" खाली पेजवरून उत्तर, "आप्पा, आठ तारीखले या, पावती लई या, त्याच दिन जमा व्हतीन." हे दोन ओळींचं उत्तर किती जणांनी वाचलं असेल, आणि वाचून किती जण घरीच थांबले असतील! दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरली होती.

कोणाला वाटेल हे काय एवढं मोठं. अहो, सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा दुसऱ्या बँकांबद्दल पण इतक्या अफवा सुटल्या की 1 ऑक्टोबरला खुद्द रिझर्व्ह बँकेला ट्विटरवर सांगावं लागलं की काही बँकांबद्दल, सहकारी बँकांबद्दल पण, अफवा पसरताहेत, घाबरू नका. आणि अमेरिकेत मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला घेतले, तिथे पण बोलणं सगळं फोनवरूनच पसरलं होतं. तिथे बँकेचा तोटा खरा होता, नुसती अफवा नव्हती, ते वेगळं, पण वेग बघा ना. एवढ्या मोठ्या बँकेला सावरायला वेळ मिळाला नाही, तिथे आपल्या दोन-चार शाखांच्या संस्थेनं संचालक मंडळाची मीटिंग होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर कसं चालेल.

रोजच्या कामाला व्हॉट्सअप नंबर जास्त उपयोगी. ठेवीचे दर, सुट्टी कधी, केवायसीला कोणते कागद लागतात, पिग्मी मधेच बंद केली तर किती कापतात, जामीनदार बदलता येतो का, सगळं विचारता येतं आणि उत्तर माणूस देतो, बटण दाबा एक दाबा दोन असलं नाही. माझ्या बहिणीनं बचत गटाच्या खात्याची सही बदलायची होती म्हणून विचारलं, तर तिला ठरावाचा नमुनाच पाठवला, ठरावावर कोणाकोणाच्या सह्या पाहिजेत ते पण सांगितलं, तिचा तालुक्याला एक फुकटचा हेलपाटा वाचला. आणि खाते नंबर कोणी फेसबुकवर सगळ्यांसमोर टाकला तर ते लगेच ती कमेंट लपवतात आणि इनबॉक्समध्ये या म्हणतात, हे शिकवलेलं दिसतं स्टाफला, छान केलंय.

मधे कोणीतरी संस्थेचाच लोगो लावून नकली पेज काढलं होतं, दहा मिनिटात कर्ज, आधी प्रोसेसिंग फी पाठवा. संस्थेनं त्याच दिवशी त्याचा फोटो टाकून सांगितलं की हे आमचं नाही, आम्ही फोनवर ओटीपी मागत नाही, कोणाचे पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा. आता विचार करा, संस्थेचं स्वतःचं खरं पेज नसतं तर लोकांनी नकली कसं ओळखलं असतं?

तक्रारी पण ठेवतात, काढून टाकत नाहीत. एका बाईंनी लिहिलं होतं की काउंटरवरच्या क्लार्कनं म्हाताऱ्या सासऱ्यांना सगळ्यांसमोर झापलं. ती कमेंट अजून आहे, खाली माफी आहे, आणि पुढे त्या बाईंनीच लिहिलंय की मॅनेजर घरी येऊन गेले. माझं खातं दुसऱ्याही एका पतसंस्थेत आहे, नाव घेत नाही, त्यांच्या पेजवर नेत्यांचे वाढदिवस आणि सणांच्या शुभेच्छा सोडून काही नाही आणि कमेंट बंद. तिथे मी ठेव वाढवली नाही, कारण विचारायची सोयच नाही.

आता एक स्टार का कापला ते. पतसंस्था ही दुकानदार-गिऱ्हाईक अशी गोष्ट नाहीये. 1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत, म्हणजे आपण मालक आहोत. इंग्लंडमध्ये नेशनवाइड म्हणून एवढी मोठी बिल्डिंग सोसायटी (ठेवी घेणारी आणि घरासाठी कर्ज देणारी संस्था) आहे ती पण अशीच सभासदांच्या मालकीची. तर मालकाला सुट्टीची तारीख सांगता, मग ताळेबंद का नाही सांगत? थकबाकी किती, ऑडिट वर्ग (हिशेब तपासून संस्थेला देतात तो दर्जा) अ मिळाला की ब, संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज किती, हे पेजवर साध्या मराठीत टाकायला पाहिजे. ऑडिट वर्गाबद्दल मी कमेंटमध्ये विचारलं तर "कार्यालयात भेटा" असं उत्तर आलं. हे मला पटलं नाही, बाकी सगळ्यांना इतकी मोकळी उत्तरं देता आणि इथेच का अडता?

वार्षिक सभेचं पण तेच. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस टाकली होती पण फोटो इतका धूसर की विषयपत्रिका वाचता येईना. सभेला यायचे ते नेहमीचेच चेहरे, विषय वाचले की मंजूर मंजूर आणि मग नाश्ता. पुण्या-सुरतला असलेल्या सभासदांचे प्रश्न आठ दिवस आधी व्हॉट्सअपवर घ्यावेत आणि चेअरमन साहेबांनी सभेत ते वाचून उत्तर द्यावं, त्याचा व्हिडिओ पेजवर ठेवावा. खर्च काहीच नाही. मी तसा अर्ज लिहून दिलाय आणि पेजवर पण टाकलाय, खाली बऱ्याच सभासदांनी सहमत म्हणून लिहिलंय, संस्थेचं उत्तर "संचालक मंडळापुढे ठेवतो" एवढं आलंय.

ज्यांचं खातं आहे त्यांनी नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन पासबुकच्या मागच्या पानावर छापलाय. उत्तर ऑफिसच्या वेळेतच मिळतं, रविवारी नाही, आणि मार्च एंडला जरा उशीर होतो.