बोटॉक्स आणि फिलर: त्वचारोगतज्ज्ञ की पार्लर?
चेहऱ्यावर बोटॉक्स (स्नायू सैल करून सुरकुत्या कमी करणारे इंजेक्शन) किंवा फिलर (त्वचेखाली भरून उठाव देणारे जेल) घेताना त्वचारोगतज्ज्ञाचा दवाखाना आणि पार्लर यांतली निवड बहुतेकदा दरपत्रक पाहून केली जाते, आणि तिथे पार्लरच स्वस्त दिसते. खरा फरक मात्र काही बिघडले की कळतो. हायल्युरॉनिक अॅसिडचे फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्या जागेची त्वचा पांढरी पडते, तीव्र वेदना होतात आणि क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी फिलर विरघळवणारे हायल्युरॉनिडेझ तत्काळ द्यावे लागते, आणि थोड्या दिवसांचा कोर्स केलेल्या ब्यूटिशियनकडून ती अपेक्षाच करता येत नाही; मुळात तिला इंजेक्शन देण्याचा अधिकारही नाही.

तज्ज्ञाकडे त्वचारोगशास्त्रातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही पदव्युत्तर पात्रता आणि महाराष्ट्रात राज्याच्या मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो; तो विचारण्यात संकोच मुळीच नसावा. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. चांगला डॉक्टर ती फ्रिजमधून काढून आपल्यासमोर उघडतो, किती युनिट दिले ते केस पेपरवर लिहितो, बॅच क्रमांकही नोंदवतो. पार्लरमध्ये बोटॉक्सची आधीच भरून आणलेली सिरिंज पुढे आली, तर तिथून सरळ उठावे.