गटारातल्या मृत्यूची साक्ष, रॅपच्या ठेक्यावर

ऐरोलीतील एका समाजमंदिराच्या सभागृहात तरुण कलावंतांच्या एका गटाचा हिप-हॉप नाट्यप्रयोग नुकताच पाहिला. भुयारी गटारात गुदमरून मेलेला कंत्राटी सफाई कामगार आणि नुकसानभरपाईसाठी खेटे घालणारी त्याची पत्नी यांची ही गोष्ट आहे.

प्रयोगाचे खरे बळ ‘सायफर’च्या प्रवेशात आहे. सायफर म्हणजे रॅपरांचे रिंगण; त्यात एकाने सोडलेला ठेका दुसऱ्याने उचलायचा असतो. इथे ठेकेदार, मुकादम आणि अधिकारी आळीपाळीने पुढे येतात आणि ठेक्याबरोबर जबाबदारीही पुढच्याच्या गळ्यात टाकतात. पत्नी मात्र रिंगणाबाहेरच राहते. ती आत शिरते तेव्हा संगीत थांबते आणि ती साध्या आवाजात सांगू लागते: गटारात सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये भरपाईची रक्कम तीस लाख केली. लेखकाने तिला रडवलेले नाही, तिच्या हाती कायदा दिला आहे. अन्यायाच्या कथेत पीडिताला असे जाणते दाखवणारे लेखन मला फार मोलाचे वाटते.

नृत्यही कथेला धरून आहे. ब्रेकिंग, म्हणजे हिप-हॉपमधले कसरतीचे नृत्य, करणारा नर्तक गटारात उतरतो आणि हातावर तोललेले शरीर मध्येच गोठवतो. त्याच क्षणी रॅपमधून कळते की हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, आणि कामगाराला वाटते की धोका टळला. ही माहिती भाषणातून आली असती तर इतकी भिडली नसती.

त्यामानाने १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात हिप-हॉप कसे जन्मले, हे सांगणारा मधला भाग लांबतो. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी ज्या प्रेक्षकांच्या घरांत गायली गेली, त्यांना या कलेची ओळख इतकी करून देण्याची गरज नाही. झीलकऱ्यांसारखे ध्रुपद उचलणारे साथीदार पाहताच तिचे शाहिरीशी असलेले नाते कळते.

गंभीर उणीव ध्वनियोजनेची आहे. ढोल-बासचा आवाज इतका चढा होता की मागच्या रांगांत वेगवान ओळींतील निम्मे शब्द पोहोचत नव्हते. या प्रयोगात शब्द हीच मृताची साक्ष आहे, ती बुडता कामा नये. गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहात जाण्यापूर्वी गटाने ध्वनीचा तोल साधावा आणि ओळी पडद्यावर दाखवाव्यात. तोवर प्रेक्षकांनी पुढच्या रांगांतील जागा घ्याव्यात, आणि नगरसेवक व महापालिकेच्या अभियंत्यांना आवर्जून सोबत न्यावे.