पगारातून कपात की आधी देणगी, मग दावा?

आपण एखाद्या सेवाभावी संस्थेला देणगी देऊ तेवढीच रक्कम आपण जिथे नोकरी करतो ती कंपनीही घालते, याला मॅचिंग म्हणतात, हे बहुतेकांना एव्हाना माहीत असतं. अडतं ते पुढे. ही मॅचिंगची भर मिळवायच्या दोन वाटा असतात आणि पुष्कळ कंपन्या दोन्ही खुल्या ठेवतात. एक, दरमहा पगारातून ठरावीक रक्कम कापून द्यायची. कंपनी आपला वाटा घालून पैसे संस्थेकडे पाठवते. दुसरी, आपण संस्थेला परस्पर देणगी द्यायची, पावती घ्यायची, ती पोर्टलवर, म्हणजे या देणग्यांसाठीच्या वेबसाइटवर चढवायची आणि कंपनीकडे तिच्या वाट्याचा दावा लावायचा. मी चार वर्षं दाव्याच्या वाटेनं गेलो, गेली तीन वर्षं कपातीच्या. वार्षिक मर्यादा, किमान रक्कम, कोणती संस्था चालते आणि कोणती नाही, या अटी दोन्हीकडे साधारण सारख्याच असतात, म्हणून त्यात शिरत नाही.

आधी दाव्याबद्दल, कारण जुनी वाट ती. १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं आपल्या कर्मचाऱ्यांनी कॉलेजांना दिलेल्या देणग्यांना जोड द्यायला सुरुवात केली. अशा योजनांची सुरुवात तिथून धरतात. पुढे कागदी फॉर्मांच्या काळात सर्रास एकाच फॉर्मचे दोन भाग असत. वरचा देणगीदारानं भरायचा, खालचा संस्थेनं. कागद गेला, पोर्टल आलं, पण तो खालचा भाग काही गेला नाही. माझं घोडं अडलं ते नेमकं तिथे.

त्याआधी या वाटेचं कौतुक करतो, कारण ते खरं आहे. देणगी मनात आली त्या दिवशी देता येते. कुठे पूर आला, भूकंप झाला, तर पुढच्या पगाराची वाट पाहावी लागत नाही. हे पैसे अमुक कामाला वापरा असं सांगता येतं. संस्थेला आपलं नाव कळतं, पावतीवर दोन ओळी हातानं लिहून येतात. कंपनीचा वाटा मागाहून जातो, पण आपला पोचलेला असतो. मोठी, एकरकमी देणगी द्यायची असेल तर मी आजही हीच वाट सुचवेन.

आता ते दुखणं. चौथ्या वर्षी मी एका छोट्या संस्थेला नेहमीपेक्षा बरीच मोठी रक्कम दिली. पावती दोन दिवसांत आली, त्याच संध्याकाळी मी दावा भरला आणि निश्चिंत झालो. पोर्टलवर दाव्यापुढे एक पिवळी पट्टी आली: ‘संस्थेच्या पुष्टीची प्रतीक्षा’. सात आठवड्यांनी पाहिलं तर पट्टी पिवळीच. म्हणजे देणगी मिळाली असं संस्थेनं पोर्टलवर येऊन सांगायचं होतं आणि तसा मेल तिला गेलाही होता. पण तो गेला होता एका स्वयंसेवकाच्या पत्त्यावर, ज्यानं संस्था केव्हाच सोडली होती.

मी खजिनदार बाईंना फोन केला. त्या निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून दोन दिवस येऊन हिशेब बघणाऱ्या. पहिल्या फोनला त्यांनी आभार मानले. दुसऱ्या फोनला विचारलं, पोर्टल म्हणजे कुठलं? तिसऱ्या फोनला त्यांचा आवाज जरा पडला. म्हणाल्या, “अहो, पैसे मिळाले, पावतीसुद्धा दिली तुम्हाला. आता आणखी काय राहिलंय?” त्यांचं काय चुकलं? मला मात्र आपण वसुलीला बसलोय असं वाटायला लागलं. देणगी देऊन वर तगादा लावायचा! नवा पत्ता नोंदवायला संस्थेची कागदपत्रं लागत होती. ती गोळा होईपर्यंत दाव्याची मुदत संपली आणि पिवळ्या पट्टीची लाल झाली. कंपनीनं जी रक्कम आनंदानं दिली असती, ती कोणालाच मिळाली नाही. त्यात कंपनीची लबाडी नव्हती, संस्थेचा आळस नव्हता आणि माझी विसरही नव्हती. एका बटणावर तिसऱ्या माणसानं बोट ठेवायचं होतं, ते राहिलं.

त्यानंतर कपात लावली. इथे पैसे कंपनीच्याच हातून जातात, त्यामुळे आपण दिले की नाही हे दुसऱ्या कोणी येऊन सांगावं लागत नाही. माझ्याकडे भर आपोआप लागते. तरी सगळीकडे तसंच असेल असं धरू नका. काही ठिकाणी कपात लावताना मॅचिंगच्या चौकटीत वेगळी खूण करावी लागते. पहिल्या महिन्यानंतर एकदा खात्री करून घ्या, मग वर्षभर तिकडे बघायला नको. वर्षअखेरीस पावत्या शोधत बसण्याचा माझा नेहमीचा कार्यक्रमही बंद झाला. कराचं मात्र ज्या त्या देशाचं वेगळं. ब्रिटनमध्ये १९८७ पासून चालू असलेल्या पगारी देणगीच्या योजनेत आयकर लागण्याआधीच रक्कम कापली जाते. इतर ठिकाणी नियम निराळे. आणि कोणत्याही वाटेनं गेलात तरी कंपनीनं घातलेल्या रकमेवर करसवलत मागायला जाऊ नका, ती देणगी कंपनीची.

कपातीलाही खोड आहेच. मधल्या कंपनीमार्फत पैसे जात असतील तर ती काही टक्के कापते का, की तो खर्च आपली कंपनी उचलते, हे विचारून घ्यावं. पैसे संस्थेला उशिरा पोचतात, माझे तर तीन महिन्यांचे एकदम जातात. ते जातात अनेकांच्या पैशांत मिसळून, कधी नावाशिवाय. कपात लावून सहा महिने झाले असतील, त्याच खजिनदार बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “आमचं काही चुकलं का? तुमची देणगी बंद झाली म्हणून विचारते.” मी दरमहा देत होतो, कंपनी तेवढंच घालत होती आणि त्यांच्या वहीत माझं नाव नव्हतं! कपात लावताना ‘माझं नाव संस्थेला कळवा’ अशी एक खूण करायची असते, ती मी केली नव्हती. तेवढी तुम्ही विसरू नका.

काही जण म्हणतात, आमच्याकडे वर्षातून एकदा काही दिवस कंपनी दुप्पट घालते, तेव्हाच एकरकमी देऊन दावा करू. करा, पण त्यासाठी अडून बसू नये असं मला वाटतं. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांचा २००७ मधला एक अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेतल्या एका संस्थेच्या ५० हजार जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवली. तुमच्या देणगीला जोड मिळेल असं लिहिलेल्या पत्रांमागे १९ टक्के जास्त पैसे आले. पण जोड एकास एक असो, दोन असो की तीन, लोकांच्या देण्यात फारसा फरक पडला नाही. तिथे जोड देणारा एक मोठा देणगीदार होता, कंपनी नव्हे, हे खरं. तरी मी त्यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं की भर किती पट यापेक्षा ती खरोखर पोचते का, हे आधी बघावं.

नोकरी लवकरच बदलणार असाल तर थोडा विचार करा. पुष्कळ योजनांत कंपनीचे पैसे निघतात त्या दिवशीही तुम्ही नोकरीत असावं लागतं. कपातीत फार तर शेवटचा हप्ता बुडतो, अडकलेला दावा मात्र सगळाच जातो. संस्था मोठी असेल, पोर्टल बघायला तिथे पगारी माणूस असेल, तर माझं हे सगळं रडगाणं बाजूला ठेवून खुशाल दावा करा.

मी स्वतः वार्षिक मर्यादेतला तीन चतुर्थांश भाग कपातीत घालतो आणि उरलेला अचानक येणाऱ्या गरजांसाठी मोकळा ठेवतो. तो वापरायची वेळ आली की पैसे पाठवायच्या आधी एक फोन करतो: पोर्टलचा मेल सध्या कोणाकडे येतो? खजिनदार बाईंनी आता संस्थेच्या नावानं वेगळा पत्ता काढलाय. त्याचा पासवर्ड हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे आणि वही कपाटात कुठे असते ते त्यांनी मलाही सांगून ठेवलंय.