प्रथिननिर्मितीसाठी जीवाणू, यीस्ट की सस्तन प्राण्याची पेशी?

एखादे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करवून घ्यायचे असेल, तर त्याचे जनुक कोणत्या पेशीत घालावे हे पेशीच्या वाढीच्या वेगावरून ठरवू नये. प्रथिनाच्या गरजा त्या पेशीच्या अंतर्रचनेत भागतात का, हे आधी पाहावे.

ई. कोलाय हा जीवाणू पोषक माध्यमात साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. त्याला केंद्रक नसल्यामुळे डीएनएवरून एमआरएनए (जनुकातील संदेशाची प्रत) तयार होत असतानाच रायबोसोम, म्हणजे प्रथिने जुळवणारे पेशीतील कण, त्या प्रतीला चिकटतात आणि अमिनो आम्लांची साखळी जुळवू लागतात. मात्र या वेगामुळेच पुष्कळदा साखळ्यांना योग्य घडी पडण्याआधी (म्हणजे त्यांना कार्यक्षम त्रिमितीय आकार येण्याआधी) त्या एकमेकींना चिकटून अविद्राव्य गोळे बनतात. अशा वेळी तापमान 37 अंशांवरून 18 ते 25 अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून पाहावे. दुसरी अडचण रचनेतूनच येते. जीवाणूच्या पेशीद्रवात डायसल्फाइड बंध, म्हणजे प्रथिनाचा आकार धरून ठेवणारे गंधक-गंधक बंध, सहसा टिकत नाहीत, म्हणून असे बंध असलेले प्रथिन आतले आणि बाहेरचे पटल यांच्यामधील पेरिप्लाझममध्ये पाठवावे लागते, कारण ते बंध जोडणारी विकरे (एन्झाइम) तेथे असतात. शिवाय बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइड हे एंडोटॉक्सिन (शरीरात ताप व दाह आणणारे जीवाणूचे विष) असल्याने औषधी प्रथिनातून ते काटेकोरपणे काढावेच लागते. केवळ विकराची क्रिया अभ्यासायची असेल, तर याची फारशी चिंता नसते.

यीस्टमध्ये अंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी पिंड हे प्रथिनांवर संस्कार करणारे पेशीभाग असल्यामुळे घडी आणि प्रथिनाला जोडल्या जाणाऱ्या शर्करासाखळ्या दोन्ही साधतात, आणि वाढही स्वस्तात होते. परंतु त्या साखळ्यांत मॅनोज शर्करा फार असते आणि मानवी शरीरातून असे प्रथिन लवकर काढून टाकले जाते. हिपॅटायटिस-बी लसीच्या प्रतिजनाला (प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या प्रथिनाला) ही बाधा आली नाही, म्हणून 1986 पासून ती लस यीस्टमधून मिळू शकली.

चिनी हॅमस्टर या सस्तन प्राण्याच्या अंडाशयातील सीएचओ पेशी माणसाच्या जवळ जाणाऱ्या शर्करासाखळ्या जोडतात. एरिथ्रोपोएटिन या तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणाऱ्या संप्रेरकाचा रक्तातील टिकाव त्या साखळ्यांवरच अवलंबून असल्याने तेथे, महाग माध्यम आणि सावकाश वाढ सोसूनही, हीच निवड योग्य ठरते. याउलट इन्सुलिनमध्ये शर्करासाखळी नाही. त्याच्या दोन साखळ्या ई. कोलायमध्ये वेगवेगळ्या बनवून नंतर जोडता आल्या आणि 1982 मध्ये त्या औषधाला मान्यताही मिळाली.

शर्करासाखळी अनिवार्य आहे की नाही याबद्दल शंका असेल, तर माझ्या मते पहिली चाचणी ई. कोलायमध्येच घ्यावी. तिला काही दिवस पुरतात, तर सीएचओ पेशींचा स्थिर वाण तयार करण्यात महिने जातात.